नानांची कात्री आणि जावयाचं झाड

पाथर्डी फाट्याजवळ रो हाऊस घेतलं तेव्हा ब्रोशरवर ‘प्रायव्हेट गार्डन’ असं छापलेलं होतं. प्रत्यक्षात बारा बाय अठरा फुटांचा तुकडा निघाला. त्यात खडी, विटांचे तुकडे, फरशीच्या कपच्या, आणि हे सगळं झाकायला वरून ट्रॉलीभर काळी माती. कंपाउंडच्या एका अंगाने विजेच्या तारा. एवढ्या जागेत मोठं झाड एकच मावणार, हे कुणीही सांगितलं असतं. ते एक कुठलं, यावर आमच्या घरात आठ महिने गेले.

नवऱ्याचं ठरलेलं होतं. लग्नानंतर मनालीला गेलो तेव्हापासून देवदार त्याच्या डोक्यात बसलाय. देवदार इथे येणार नाही एवढं त्यालाही कळत होतं. पण गंगापूर रोडला बंगल्यांपुढे छत्रीवर छत्री ठेवल्यासारखं थर-थर चढत गेलेलं झाड दिसतं ना, ज्याला सगळे ‘ख्रिसमस ट्री’ म्हणतात, ते तरी हवं. ‘नाशिकला थंडी पडते, जमून जाईल,’ असं त्याचं म्हणणं. निफाडचा पारा किती उतरला, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात किती नोंद झाली, ही बातमी दर हिवाळ्यात पेपरात असतेच, आणि माझं माहेर निफाड तालुक्यातलं. म्हणजे जावयाने सासुरवाडीच्या थंडीचाच दाखला पुढे केला.

माझे वडील, नाना, द्राक्षवाले. त्यांना फोनवर सांगितलं तर आधी हसलेच. ‘देवदार म्हंजे खोक्याची फळी ना गं?’ त्यांच्या आयुष्यात देवदार आला तो पेटीच्या रूपानेच. मग म्हणाले, ‘फळ नाय, सावलीला धड माणूस बसंना, नुसता शो. पेरू लाव पोरी, नात खाईल.’ फोन नवऱ्याच्या हातात गेला की मात्र सूर बदलायचा. ‘तुम्ही म्हणाल तसं, पाहुणे. शोभेचं झाड घरापुढं छानच दिसतं.’ जावयाला तोंडावर नाही म्हणणं आमच्याकडे अजून जमत नाही. त्यामुळे त्यांचा सगळा विरोध माझ्यामार्फत यायचा.

एप्रिल २०१९ मध्ये आम्ही त्र्यंबक रोडच्या बाजूला तीन-चार नर्सऱ्या पालथ्या घातल्या. सूचीपर्णी म्हणून तिथे जे मिळतं ते साधारण तीन तऱ्हेचं. एक मोरपंखी, जिची पानं आम्ही शाळेत ‘विद्या’ म्हणून वहीत ठेवायचो. (माझ्या वहीत पुष्कळ होती, गणिताचे मार्क त्यामुळे वाढल्याचं आठवत नाही.) दुसरं पिवळट झाक असलेलं सोनेरी सायप्रस. आणि तिसरं नवऱ्याचं लाडकं, अरोकेरिया. पहिल्या दोन नर्सऱ्यांत आम्हाला नुसतं ‘सर, एकदम लो मेंटेनन्स’ एवढंच ऐकायला मिळालं. तिसऱ्या ठिकाणचे काका वेगळे होते. त्यांनी रोपाचा शेंडा दोन बोटांत धरून दाखवला. ‘हा जपायचा. हा मोडला की याचा आकार गेला. आणि बाजूच्या फांदीपासून केलेलं रोप स्वस्तात कुणी दिलं तर घेऊ नका. ती फांदी मरेपर्यंत फांदीच राहते, आडवी वाढत जाते. तिचं झाड होत नाही.’

मला हे तेव्हा गमतीचं वाटलं. घरी येऊन वाचत बसले तर खरंच निघालं. अरोकेरियाच्या आडव्या फांदीला आपण आडवं वाढायचं हे इतकं पक्कं ठाऊक असतं की तिला कापून मातीत रोवली तरी ती सरळ उभी राहत नाही. पेरूचं बरोबर उलटं. पेरूची कुठलीही फांदी छाटा, चार-दोन आठवड्यांत तिथून नवे धुमारे येतात, आणि पेरूला फूल लागतं तेही या नव्या धुमाऱ्यांवरच, पानांच्या बेचक्यात. म्हणजे एका झाडाला कात्री लागली की ते कायमचं कमी होतं, आणि दुसऱ्याला नाही लागली तर फळ कमी येतं. दोन झाडांतला खरा फरक मला हा वाटला. फळ की शोभा हे भांडण आम्ही उगीच करत होतो. पण एप्रिलमध्ये हे मी नुसतं वाचलं होतं. अंगावर यायला चार वर्षं जायची होती.

त्याच वाचनात नवऱ्याच्या थंडीच्या मुद्द्याचाही निकाल लागला. अरोकेरियाची जी जात नॉरफोक पाइन म्हणून विकतात ती मूळची प्रशांत महासागरातल्या नॉरफोक बेटावरची. तिची भावंड असलेली कूक पाइन ही न्यू कॅलेडोनियाची, आणि आपल्याकडे नॉरफोक म्हणून बरेचदा तीच गळ्यात मारतात. दोघीही समुद्रकाठच्या, दमट हवेच्या. बर्फाशी यांचा काही संबंध नाही, दव गोठेल एवढी थंडी उलट सोसत नाही. निफाडची थंडी हे झाड लावायचं कारण तर नव्हतंच, झालाच तर अडथळा होता. आणि मूळ ठिकाणी ही झाडं पन्नास-साठ मीटर जातात. आमच्या तारा जमिनीपासून वीस फुटांवर.

‘मग सह्याद्रीतलं काही सूचीपर्णी बघ ना,’ नवरा म्हणाला. बघितलं. अख्ख्या पश्चिम घाटाचा स्वतःचा म्हणावा असा सूचीपर्णी वृक्ष एकच, तोही दूर दक्षिणेकडच्या डोंगरांत, आणि गंमत म्हणजे त्याची पानं सुईसारखी नसून चांगली रुंद असतात. नवऱ्याला मनालीची आठवण येईल असं त्यात काही नव्हतं.

मे महिन्यात नाना आले ते कुदळ घेऊनच. एप्रिलची खरड छाटणी आटोपली होती, हात मोकळे होते. जावई ऑफिसला गेल्यावर आम्ही दोघांनी दोन बाय दोन बाय दोन फुटांचा खड्डा घेतला. पहिल्या फुटापर्यंत काळी माती, मग बांधकामाचा राडारोडा, त्याखाली परत चिकण काळी. नानांनी खड्ड्यात काठोकाठ पाणी भरायला लावलं आणि चहा प्यायला बसले. संध्याकाळी पाणी वीतभर उतरलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजताही पोटरीएवढं उभं होतं. ‘हे बघ,’ नाना म्हणाले, ‘पावसाळ्यात इथं मुळ्या बुडून मरतील. कुठलं बी झाड लाव.’ मातीत पांढरे चुनखडीचे खडेही भरपूर होते. पेरू अशा चुनखडीच्या जमिनीतही तग धरतो. साधारण साडेचारपासून सव्वाआठपर्यंतचा सामू (म्हणजे पीएच) त्याला चालतो. ही सवलत सूचीपर्णींत फारशा कुणाला नाही, त्यांतल्या बऱ्याच जणांना आम्लट आणि पाण्याचा निचरा होणारी जमीन लागते.

निर्णय शेवटी लेकीने केला, ती तेव्हा सहा वर्षांची होती. पेरू जमिनीत, आणि ‘बाबांचं झाड’ कुंडीत. नवऱ्याने फारशी खळखळ केली नाही. एक तर तारा त्याला दिसत होत्या. दुसरं म्हणजे शहरात झाड लावणं सोपं, काढणं अवघड, हे त्याला ठाऊक होतं. १९७५ च्या कायद्यामुळे शहरात झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, मग झाड आपल्या अंगणातलं का असेना. साठ मीटर जाऊ शकणारं झाड घराच्या पायापासून आठ फुटांवर लावून दहा वर्षांनी अर्ज लिहीत बसायचं, याला अर्थ नव्हता.

पेरू घेतला सरदार, म्हणजेच लखनौ ४९. नाव लखनौचं असलं तरी ही निवड झाली पुण्यात, गणेशखिंडच्या फळ केंद्रात, १९२७ मध्ये. साल थोडी खडबडीत, गर पांढरा, बी मऊ. गुटी कलमाचं, म्हणजे झाडावरच्या फांदीलाच मुळं फोडून केलेलं रोप ८० रुपयांना मिळालं, आणि तीन फुटी अरोकेरिया ६५० ला. नानांनी दोन्ही किमती ऐकल्या आणि काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

खड्ड्यातला राडारोडा काढून त्यांनी तळाला मुरूम घातला. वर शेणखत, निंबोळी पेंड, थोडं सुपर फॉस्फेट आणि चाळलेली माती. गुटीच्या कलमाला सोटमूळ नसतं, वाऱ्याने हलतं, म्हणून बांबूचा आधार. लागवड जूनच्या शेवटी. अरोकेरियासाठी अठरा इंची कुंडी, त्यात माती कमी आणि वाळू, पालापाचोळ्याचं खत, कोकोपीट जास्त. हे काम नवऱ्याने एकट्याने, यूट्यूब लावून केलं.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात गोदावरीला मोठा पूर आला. दुतोंड्या मारुती किती बुडाला यावर नाशिककर पूर मोजतात. त्या आठवड्यात सगळ्यांच्या फोनवर तोच मारुती होता. आम्ही नदीपासून लांब, पण आमच्या अंगणातही पाणी साचून राहिलं. नानांनी तळाला मुरूम घातला होता खरा, पण चिकण मातीतला मुरमाचा खड्डा म्हणजे बादलीच झाली, आजूबाजूचं सगळं पाणी तिच्यात उतरलं. पेरूची पानं पिवळी पडली, निम्मी गळली. नाना रविवारी आले, रोपाकडे बघून स्वतःवरच चिडले. ‘खड्ड्यात लावायला नको होतं. माती वर उचलायला पाहिजे होती.’ पावसातच आम्ही रोप मोठ्या गोळ्यासकट काढलं, जमिनीच्या वर दीड फुटाचा उंचवटा केला आणि त्यावर बसवलं. कडेने चर. काळ्या जमिनीत झाड लावणाऱ्या कुणालाही मी आता एवढंच सांगते की आधी गादी करा, खड्ड्याचं मग बघू. कुंडीतला अरोकेरिया त्या पावसात हिरवागार होता. नवरा दोन-तीन वेळा त्याच्याजवळ जाऊन उभा राहिला. काही बोलला नाही, पण उभा राहिला.

उन्हाळ्यात पारडं फिरलं. एप्रिल-मेमधल्या कोरड्या वाऱ्याने अरोकेरियाच्या सुया टोकाला करपायला लागल्या. कुंडी तापायची, मग गोणपाट गुंडाळ, सावलीला सरकव, सकाळ-संध्याकाळ पाणी घाल. लो मेंटेनन्स म्हणणाऱ्या त्या दोघा नर्सरीवाल्यांची मला त्या दोन महिन्यांत रोज आठवण यायची. पेरू मात्र आठवड्याला दोन बादल्यांवर खूश.

पेरूला पहिली फळं आली २०२१ च्या पावसाळ्यात. लेकीने मोजून ठेवली होती, सव्वीस. पहिलं कापलं आणि आत अळ्या. दुसरं, तिसरं, सगळीच. वरून बघावं तर सुरेख पिवळसर फळ, सालीवर टाचणी टोचल्याएवढा ठिपका. फळमाशीची मादी पिकू लागलेल्या फळाच्या सालीत अंडी घालते. अळ्या आत गर खातात, फळ गळतं, मग अळ्या मातीत उतरून कोष करतात आणि पुढची पिढी तुमच्याच झाडाखालून वर येते. लेक रडली. नवऱ्याने ‘आमच्या झाडाला असलं काही होत नाही’ हे वाक्य अगदी तोंडाशी आणून गिळलं, हे मला दिसलं.

नानांना फोन केला. ते म्हणाले, ‘पावसाळी पेरू कुणी धरतं का? बहार चुकला तुझा.’ पेरूला मोकळं सोडलं तर तो वर्षात दोन-तीनदा फुलतो. फेब्रुवारी-मार्चच्या फुलाचं, म्हणजे आंबे बहाराचं फळ ऐन पावसाळ्यात येतं. ते पाणचट लागतं आणि फळमाशीही तेव्हाच जोरात असते. जून-जुलैच्या फुलाचं, मृग बहाराचं फळ थंडीत येतं, नोव्हेंबर ते जानेवारी. गोड, टणक, अळी कमी. तेव्हा फेब्रुवारीतली फुलं खुडायची, उन्हाळ्यात पाणी तोडून झाडाला ताण द्यायचा, मे महिन्यात छाटणी, आणि पावसाच्या तोंडाशी खत-पाणी.

ताण देणं शेतात सोपं असेल, अंगणात नाही. काळी माती ओल धरून ठेवते, त्यामुळे महिना झाला तरी झाड ढिम्म हलेना. मग कळलं की लेक शाळेतून आली की वॉटर बॅगमधलं उरलेलं पाणी रोज त्याला घालत होती. ‘त्याला तहान लागलीय,’ म्हणाली. तिला समजावण्यात एक आठवडा गेला.

शिवाय फळमाशीचा सापळा टांगला. त्यातल्या मिथाइल युजेनॉलच्या वासाने नर येतात आणि मरतात, माद्या येत नाहीत. त्यामुळे एका सापळ्याने भागत नाही. गळलेलं एकूण एक फळ रोज उचलून पाण्याच्या बादलीत बुडवायचं हे काम जास्त महत्त्वाचं, आणि फळ सुपारीएवढं झालं की वर कागदाची पिशवी. २०२२ च्या मे महिन्यात नानांनी पेरू निर्दयपणे छाटला. माझ्या पोटात गोळा आला, पण जुलैत झाड पांढऱ्या फुलांनी भरलं. त्या डिसेंबरात एक्केचाळीस पेरू निघाले, आणि अळीचे फक्त तीन. तिखट-मीठ लावून आमच्या अख्ख्या गल्लीने खाल्ले.

यानंतर नानांच्या कात्रीचा आत्मविश्वास वाढला. आयुष्यभर वर्षातून दोनदा द्राक्षाची छाटणी केलेला माणूस. वेलीला कापलं की ती जोमाने फुटते, हे त्यांच्या हातालाच पाठ आहे. २०२३ च्या मेमध्ये पेरूची छाटणी झाली, मी आत पन्हं करायला गेले, आणि हात मोकळा होता म्हणून त्यांनी अरोकेरियाकडे मोर्चा वळवला. कुंडीतलं ते झाड तोवर सहा फुटांचं झालं होतं. मी बाहेर आले तेव्हा खालचे तीन थर जमिनीवर व्यवस्थित रचून ठेवलेले होते. ‘हवा खेळंल जरा,’ नाना म्हणाले, ‘खालून नवीन जोमानं फुटंल.’

मी पन्ह्याचा पेला हातात धरून उभी. त्यांना कसं सांगायचं हेच सुचेना. शेवटी म्हटलं, ‘नाना, हे फुटत नाही.’

‘फुटत नाय म्हंजे?’

‘म्हणजे फांदी गेली की गेली. तिथे परत फांदी येत नाही.’

ते बराच वेळ त्या उघड्या बुंध्याकडे बघत राहिले. मग अगदी हळू आवाजात विचारलं, ‘पाहुणे किती वाजता येतात?’

पाहुणे सात वाजता आले. त्यांनी झाड पाहिलं, सासऱ्यांना पाहिलं. नाना तोवर दारात चपला घालून तयार, सव्वासातची एसटी धरायची म्हणून. नवरा म्हणाला, ‘नाना, चांगलं मोकळं झालं. कुंडीला पाणी घालायला अडचणच होत होती.’ नाना गेल्यावर मात्र तो तासभर अंगणात बसला होता. छाटलेल्या फांद्या त्याने टाकल्या नाहीत. त्या महिनाभर माळ्यावर होत्या.

त्या वर्षी अधिक श्रावण होता. धोंड्याच्या महिन्यात आई-नाना जावयाला वाण द्यायला आले. अनारसे, चांदीचं निरांजन, शर्टपीस हे सगळं होतंच. शिवाय शेजाऱ्याच्या पिकअपमधून नानांनी एक मोठी सिमेंटची कुंडी आणली होती, दोन माणसांना उचलेना एवढी. वाणात कुंडी कुणी दिल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. त्या दुपारी सासरे-जावयांनी मिळून अरोकेरिया नव्या कुंडीत हलवला. उघडा बुंधा झाकायला भोवती बुटक्या शोभेच्या वनस्पती लावायची कल्पना नानांची. जुन्या कुंडीत मुळांचं वेटोळं झालेलं निघालं. ते नवऱ्याने हाताने सोडवलं, कात्री मागितली नाही आणि नानांनी दिलीही नाही.

पुढे आणखी एक भानगड कळली. झाड एका बाजूला कलायला लागलं होतं. नवऱ्याला वाटलं, बूड हलकं झाल्यामुळे. शोधाशोध केली तेव्हा २०१७ सालचा एक अभ्यास सापडला: कूक पाइन जगभर विषुववृत्ताकडे झुकते. उत्तर गोलार्धात दक्षिणेकडे, दक्षिण गोलार्धात उत्तरेकडे. आमचं दक्षिणेकडेच कलत होतं. म्हणजे नॉरफोक म्हणून घेतलेलं आमचं झाड बहुतेक कूकच. नवरा त्या दिवशी कमालीचा खूश. फसवले गेलो म्हणून नव्हे, तर झाड वाकडं झालं त्यात नानांचा दोष नाही हे त्याला नानांना लगेच कळवायचं होतं. त्याने स्वतः फोन लावला. तेव्हापासून कुंडीखाली चाकांची पाटी आहे आणि दर रविवारी ती पाव फेरा फिरवली जाते.

या मे महिन्यातही नाना आले होते. वय झालंय, आता पेरूच्या वरच्या फांद्या लेक कापते आणि ते खालून बोट दाखवतात: ‘हां, तिथून, डोळ्याच्या वर.’ छाटणी झाली, फांद्यांचा ढीग गेटबाहेर गेला. मग ते अरोकेरियाजवळ गेले. कात्री मिटली, तिची कडी लावली, सदऱ्याच्या खिशात घातली, आणि दोन्ही हातांनी कुंडी धरून म्हणाले, ‘आज रविवार ना गं?’